सोमारीच्या हातच्या वड्या

माघ लागला की बौद्ध मोहल्ल्यात सोमारीचा भाव वधारायचा. छपरांवरचे कोहळे तोवर पिकून पांढरेफटक झालेले असायचे, उडदाची नवी डाळ घरोघर आलेली असायची, आणि बायका एकमेकींच्या आधी सोमारीचं दार गाठायला धडपडायच्या.

"सोमारे, बुधवारी आमच्याइथी येजो."

"अवं, बुधवार तं मी कवाचा सांगून ठेवला हाय."

ही भांडणं सोमारीच्या सपरीत, दारापुढच्या ओसरीत, व्हायची आणि सोमारी सुपातले खडे निवडत मजेत ऐकत बसायची. ब्रह्मपुरीच्या अलीकडच्या त्या धानाच्या गावात वड्या घालणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. पण वडीचं पीठ फेटायला सगळ्यांना हात हवा असायचा तो सोमारीचाच.

कोहळ्याच्या वडीचं सगळं मर्म फेटण्यात असतं. भिजलेली डाळ पाट्यावर वाटायची, किसून पिळलेला कोहळा तिच्यात मिसळायचा, आणि मग गंजात, उभ्या पातेल्यात, हात घालून ते पीठ एकाच दिशेनं फेटत राहायचं, खांदा भरून येईपर्यंत. पीठ हलकं झालंसं वाटलं की चिमूटभर पाण्याच्या वाटीत टाकून बघायचं. तरंगलं तर झालं, बुडालं तर पुन्हा हात घालायचा. भल्या भल्या बायका अर्ध्यातच कंटाळायच्या आणि बुडतं पीठ तसंच खाटेवरच्या धोतरावर थापून मोकळ्या व्हायच्या. सोमारी कंटाळायची नाही. तिच्या अंगात ताकद बेताचीच. विहिरीपासून घरापर्यंत भरभर आली तरी तिला धाप लागायची. पण बसल्या कामात तिचा हात असा संथ चालायचा की बघणारीलाच डुलकी यावी.

हे झालं एक कारण. दुसरं कारण बायका मोठ्यानं बोलत नसत, पण ते शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. सोमारीला चोविसावं लागलं होतं आणि तिला अजून पाळी आली नव्हती.

पाळीतल्या बाईची नुसती सावली पडली तरी वडी लाल पडते, आंबते, पावसाळ्यात तिच्यात किडे होतात, असं मोहल्ल्याचं ठाम मत होतं. आता गंमत बघा. ह्याच मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायांनी छप्पन साली चांद्याला जाऊन दीक्षा घेतली होती. देव सोडले, उपास सोडले, आणि जन्मभर सोसलेला विटाळ तर असा झटकला की त्याचं नाव काढणाऱ्याला त्या दारात उभं करत नसत. फक्त वड्यांपुरता आणि लोणच्याच्या बरणीपुरता तेवढा ठेवून घेतला होता. का ठेवला असं विचारलं की बायनाबाई म्हणायची, "तो विटाळ नोहे. ते वडीचं शास्त्र हाय." आणि बायनाबाईपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती, कारण मोहल्ल्यातलं कुठलंही लग्न, बारसं आणि भांडण तिच्यावाचून पार पडत नसे.

तर अशा ह्या शास्त्रात सोमारी म्हणजे बिनघोर माणूस. कोणत्याही दिवशी बोलवा, तिचा हात चालणारच. ज्या गोष्टीपायी तिला सांगून आलेली स्थळं फिरली, आईनं डोळ्यांतून टिपं गाळली, त्याच गोष्टीपायी तिला माघात मान मिळायचा. माणूस मिळेल तिथून आपलं सुख गोळा करतं. सोमारीनंही केलं होतं.

दिसायला ती बारा-तेरा वर्षांच्या पोरीएवढी. उंची तेवढीच, आवाज बारीक, गालांची हाडं वर आलेली, डोळ्यांत कायम हळदीची झाक. मोहल्ला तिला पोट्टी, म्हणजे पोरगी, म्हणायचा. तिच्या पाठची सीता लग्न होऊन वरोऱ्याला गेली, दोन लेकरांची आई झाली, माहेरी आली की सगळे तिला सीताबाई म्हणत. सोमारी मात्र पोट्टीच राहिली. अंगणवाडीतली नवी बाई एकदा तिला हात धरून लेकरांच्या सुकडीच्या रांगेत बसवू लागली, तेव्हा सोमारी हसली आणि सुकडी घेऊन घरी आली. घरी आल्यावर थोडं रडली, हेही खरं.

लहानपणापासून तिला रक्त कमी. तिच्या बापाला, लहानूला, कोणीतरी सांगितलं की रक्त लोखंडाचं असतं, आणि तेव्हापासून त्यानं पोरीला लोखंड पाजायचा सपाटा लावला. लच्छू लोहार वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, तापवून लालबुंद झाली की पाण्यात बुडवायचा. ते चुर्रर्र झालेलं पाणी लहानू तांब्यात भरून आणायचा आणि समोर बसून सोमारीला प्यायला लावायचा. शिवाय बाजाराच्या दिवशी येणारा एक सायकलवाला डॉक्टर होता. तो लाल टॉनिकची बाटली द्यायचा आणि दंडात काळसर औषधाची सुई टोचायचा. टॉनिकनं दात काळे पडत, सुईच्या जागी डाग पडत, पण लहानूची श्रद्धा अढळ होती. पोरीसाठी त्याला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून हे एक तो कधी चुकला नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सोमारी सांदवाडीत, घरामागच्या त्या वीतभर परसात, पाय घसरून पडली. पडली म्हणजे काय, नुसता हात टेकला. पण मनगट मोडलं. उजवं. आदल्या वर्षी डावं मोडलं होतं ते गावातल्याच माणसानं बांबूच्या कामट्या लावून बसवलं होतं. ह्या वेळी सोमारीनं हट्ट धरला. "हा माझा फेटायचा हात हाय. हा वाकडा बसला तं मी कोन्या कामाची?" लहानूनं तिला एसटीत घातलं आणि ब्रह्मपुरीला जमीला डॉक्टरणीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी हात बसवला, प्लास्टर घातलं, आणि मग तिला सोडायचं सोडून त्या बघतच बसल्या. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. पोट चाचपलं, डाव्या बरगडीखाली पाणथरी इतकी वाढली होती की हाताला सरळ लागली. वय विचारलं, लहानूनं सांगितलं, तर त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्याला बाहेर बसवून सोमारीला विचारलं, "पाळी येते का?"

सोमारीनं नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, एखादं कोडं सुटत आल्यावर माणूस दिसतो तशा त्या दिसत होत्या, आणि सोमारीला ते बरं वाटलं.

रक्त नागपूरला तपासायला गेलं. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बापलेकीला समोर बसवलं आणि दोघांना कळेल असं सांगितलं. हा आजार जन्माचा, आईबापांकडून आलेला. त्याला थॅलसेमिया म्हणतात. हिचा मधला प्रकार, म्हणून महिन्याला रक्त भरावं लागलं नाही. रक्तातल्या पेशी नीट बनत नाहीत, लवकर फुटतात. शरीराला उगीचच वाटतं की लोखंड कमी पडलं, आणि ते अन्नातून जास्त जास्त ओढत राहतं.

"पण लोखंड कमी नाहीच आहे हिला. भरपूर आहे. नको तितकं आहे."

लहानूचं तोंड उतरलं. "बाई, आम्ही तं हिले लोखंडच पाजत आलो."

"लोहाराच्या पाण्यानं फारसं काही बिघडलं नसेल, लहानूभाऊ. त्या टॉनिकनं आणि सुयांनी भर पडली. पण तुम्ही नसतं दिलं तरी हिच्या अंगानं ते साठवलंच असतं. मनाला लावून घेऊ नका." मग त्या सोमारीकडे वळल्या. "ते लोखंड बाहेर पडत नाही, आत साचतं. गळ्यात एक ग्रंथी असते, तिच्यात साचलं म्हणून तुला थंडी वाजते, सुस्ती येते. डोक्यात हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. ती हुकूम सोडते तेव्हा पोरीची बाई होते. तुझ्या हरभऱ्याला गंज चढला, त्यानं हुकूमच सोडला नाही. आणि तो हुकूम नाही आला की हाडंही कच्ची राहतात. म्हणून हात टेकला की मोडतो."

टॉनिक बंद झालं. साखर झाली नाही ना हे बघायला लघवी तपासली. तेवढं मात्र ठीक निघालं. गळ्याच्या ग्रंथीची गोळी सुरू झाली, हाडांची सुरू झाली, आणि जेवणासोबत बिनदुधाचा चहा प्यायला सांगितला, त्यानं अन्नातलं लोखंड कमी शोषलं जातं म्हणून. घरी हे ऐकून सोमारीची आई रुखमा चाट पडली. चहानं रक्त जळतं म्हणून तिनं पोरीला जन्मात चहा दिला नव्हता. आता डॉक्टरीणच जेवताना पाज म्हणते म्हटल्यावर ती पहिले काही दिवस चहा देताना तोंड फिरवून घ्यायची. सोमारीला मात्र तो कडू चहा भलताच आवडला.

खरी अडचण होती ती पांढऱ्या गोळीची. डोक्यातली ग्रंथी जो हुकूम सोडत नव्हती, तो बाहेरून द्यायची ही गोळी. डॉक्टरीणबाईंनी लपवून ठेवलं नाही. "आधी थोडी थोडी देईन. पाय सुजला, छातीत दुखलं, तर लगेच यायचं. दिवाळीच्या सुमाराला तिच्यासोबत गुलाबी गोळी देईन. ती संपली की पाळी येईल. मग दर महिन्याला."

"आन नाई घेतली तं?"

"तर हाडांचा भुगा होईल. आज मनगट, उद्या कंबर."

येताना सोमारी एसटीच्या खिडकीशी बसून हिशेब करत राहिली. गोळी घेतली तर फेटायचा हात वाचणार होता. पण त्या हाताला मोहल्ल्यात जो मान होता तो जाणार होता. पाळीच्या दिवसांत वड्या निघाल्या की इतर बायकांसारखी तीही लांब गोठ्याकडेला बसणार, आणि मग तिला कोण खास बोलावणार? बाकी बायकांना नवरा होता, लेकरं होती, सून म्हणून, आई म्हणून घरात जागा होती. तिची सगळी जागा त्या गंजापुढच्या पाटावर होती. एसटी गावात पोचली तोवर तिनं ठरवलं होतं. गोळी घ्यायची. आणि कोणाला सांगायचं नाही.

पांढऱ्या गोळीनं तिचं अंग हळूहळू भरत गेलं. गालांना थोडी गोलाई आली. आदल्या सालचे ब्लाउज छातीवर घट्ट व्हायला लागले, तेव्हा ती एकटीच आरशाच्या तुकड्यापुढे उभी राहून कधी लाजायची, कधी हसायची. चोविसाव्या वर्षी सोळाव्यातलं लाजणं तिच्या वाट्याला आलं आणि तिनं ते मनापासून घेतलं.

दिवाळी झाली, गुलाबी गोळ्या संपल्या, आणि एका सकाळी ती सांदवाडीत गेली ती परत येईना. रुखमा शोधत गेली तर पोरगी सीताफळाच्या झाडाखाली उकिडवी बसून रडत होती आणि रडता रडता हसत होती. रुखमाला काय झालं ते क्षणात कळलं. ती तिथंच मातीत बसली आणि पोरीला तिनं पोटाशी धरलं. इतकी वर्षं विहिरीवर, लग्नात, रोवणीच्या बांधावर बायकांनी विचारलं होतं, रुखमा, तुझी पोट्टी शानी झाली का नाई. इतकी वर्षं तिनं खाली मान घातली होती.

"आता मी साखर वाटतो," रुखमा म्हणाली. "हिरवं लुगडं घेतो तुले. सारा मोहल्ला बोलावतो."

"आये, नको."

"काऊन नको?"

"माघ जवळ आला हाय. कोनाले कळलं तं मले कोन बोलावन?"

रुखमा तिच्याकडे बघत राहिली. पोरीसाठी तोंड वर करून गावात चालायचे दिवस आले होते, आणि पोरगीच तोंड बंद कर म्हणत होती. पण तिनं शब्द दिला. साखर तिनं घरातल्या घरात वाटली. लहानूनं हातावर घेतलेली साखर बराच वेळ तशीच धरून ठेवली, मग लच्छू लोहाराला नेऊन दिली. का दिली ते काही त्यानं लच्छूला सांगितलं नाही. लच्छूनंही विचारलं नाही, खाऊन टाकली.

माघ आला. सोमारीनं हिशेबानं घ्यायचं ठरवलं. गुलाबी गोळी कधी थांबवली की पाळी कधी येते हे तिला आता उमगलं होतं, आणि दोन दिवस मागंपुढं झालं तर चालतं असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. त्यामुळे जिथं बोलावणं तिथं तिचा हात मोकळा. मोहल्ल्यात कोणाला शंका आली नाही. पोट्टी जरा बाळसं धरून राह्यली, एवढंच बायका म्हणाल्या.

सगळ्यांत शेवटी बायनाबाईच्या घरच्या वड्या होत्या, आणि त्या साध्या नव्हत्या. बायनाबाईच्या नातीचं, इतवारीचं, लग्न ठरलं होतं. वड्या रुखवतात मांडायच्या होत्या. डाळ भिजू घातली आणि दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. असं गच्च आभाळ की वडी काय, कपडासुद्धा वाळेना. बायनाबाईनं आभाळाला मनसोक्त शिव्या दिल्या, डाळीचं पाणी बदललं आणि झाकून ठेवली. आभाळ हटेना आणि सोमारी बोटांवर दिवस मोजू लागली. तिनं वड्या होऊन जातील ह्या हिशेबानं गुलाबी गोळ्या कधीच थांबवल्या होत्या.

लख्ख ऊन पडलं त्याच सकाळी तिची पाळी आली. आणि बायनाबाईचा निरोपही आला.

नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. ताप आला म्हणावं तर भिजलेली डाळ अजून थांबणार नाही, आणि इतवारीच्या रुखवतात दगडासारख्या वड्या जाणार. सोमारीनं घडी नीट बांधली, हातपाय धुतले आणि गेली.

बायनाबाईच्या अंगणात खाटा मांडून धोतरं अंथरली होती. बायका कोहळा पिळत होत्या. आणि गोठ्याच्या कडेला, एका पोत्यावर, बायनाबाईची सून आशाबाई बसली होती. नवऱ्यामुलीची आई. तिचेही तेच दिवस होते. पोटच्या पोरीच्या रुखवताच्या वड्या होत होत्या आणि ती लांबून नुसती बघत होती. सोमारीला पाहून ती हसली आणि म्हणाली, "चांगल्या फेट वं, पोट्टे. मले तं हात लावता येत नाई."

सोमारीनं गंजात हात घातला. आशाबाईकडे तिला बघवेना. आपण दोघी सारख्याच, आणि मी इथं मानानं बसले, ती तिथं चोरासारखी, हे तिच्या मनात असं सलायला लागलं की तिनं मान खाली घालून नुसतं फेटायला घेतलं. भीतीही होती. ह्या वड्या खरंच लाल पडल्या तर? डॉक्टरीणबाईंचं सगळं पटलं होतं, पण बायनाबाईचं शास्त्र ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती फेटत राहिली. चिमूट पाण्यात टाकली, तरंगली. तरी तिनं पुन्हा हात घातला. "अवं, झालं की आता," बायका म्हणाल्या. सोमारी थांबेना. मनगट दुखेना, ह्याचं तिला एकीकडे नवल वाटत होतं.

वड्या वाळेपर्यंत रोज काही ना काही निमित्त काढून ती बायनाबाईच्या अंगणात डोकावून यायची. वड्या पांढऱ्याशुभ्र पडल्या, वाळून कापसासारख्या हलक्या झाल्या. तिचा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायनाबाईच्या सपरीत रुखवत मांडायला मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. रुखमा होती, सोमारी होती. वड्यांचं ताट मधोमध ठेवलं. बायनाबाईची मावशी लाखांदूरहून आली होती; तिनं एक वडी उचलून नखानं टोकरली आणि विचारलं, "कोनाचा हात हो?"

"हे बसली ना," बायनाबाई सोमारीच्या डोक्यावर हात ठेवत कौतुकानं म्हणाली. "हिचा हात कवाच बाटला नाई. अन् बाटनार बी नाई. पंचवीस वर्षांची व्हाले आली, पन पोट्टीच राह्यली. बाई झालीच नाई, म्हून तं वडी अशी पांढरी."

बायनाबाईच्या मनात वाईट काही नव्हतं. ही तिची शाबासकी होती, दर साली द्यायची तशीच. दर साली सोमारी ती ऐकून हसायची. पण ह्या वेळी तिनं आईकडे पाहिलं. रुखमा रुखवतातल्या कुंचीला लेस लावत होती, तिची सुई थांबली होती आणि मान खाली गेली होती, पूर्वीसारखी. सोमारीला तेवढं सोसलं नाही.

"बायनाबाई, मी झाली बाई," ती म्हणाली. "दिवाळीपासून मले येते. ह्या वड्या टाकल्या त्या दिवशी बी आलती."

बायनाबाईचा हात सोमारीच्या डोक्यावरून हळूहळू खाली आला. लाखांदूरच्या मावशीनं टोकरलेली वडी परत ताटात ठेवली, मग पुन्हा उचलून उजेडात धरली. आणि तेवढ्यात दाराशी बसलेली आशाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला ते आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रुखवत झाका," बायनाबाई म्हणाली आणि आत निघून गेली.

घरी जाताना रुखमा पोरीच्या पुढे चालत होती आणि मान वर होती. वाटेत एका बाईनं विचारलं, "कुठून येऊन राह्यल्या?" तर तिनं थांबून सांगितलं, "रुखवतातून. माझ्या सोमारीच्या हातच्या वड्या हायेत ना त्यात."

लग्न झालं, अर्ध्या वड्या इतवारीसोबत गेल्या, अर्ध्या बायनाबाईच्या डब्यात राहिल्या. उन्हाळ्यात पापड आले, कुरड्या आल्या, सोमारीला कोणी बोलावलं नाही. तिला वाईट वाटलं, अगदी वाईट वाटलं. पण पूर्वी वाटलं असतं तसं जग बुडाल्यासारखं नाही. तिच्या हातात आता जोर होता. ती आईसोबत विहिरीवरून घागर आणू लागली, रोवणीला बांधावर उभी राहून धानाच्या रोपांच्या पेंढ्या फेकू लागली, आणि जेवताना दोघी मायलेकी समोरासमोर बसून कडू चहा प्यायच्या. रुखमालाही तो आवडायला लागला होता. ब्रह्मपुरीला डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीला टेकवून तिची उंची मोजली आणि खुशीत म्हणाल्या, "वाढलीस ग, थोडीशी." थॅलसेमिया कुठं जाणार नव्हता, पाणथरी होती तिथंच होती, धाप लागायची तेव्हा लागायची. पण हाड पुन्हा मोडलं नाही.

पुढचा माघ आला. सोमारीनं आपल्याच छपरावरचा एक कोहळा उतरवला होता आणि घरापुरती डाळ निवडत बसली होती. तेव्हा सपरीतून आवाज आला, "सोमारीबाई हाय का घरी?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. आवाज बायनाबाईचा होता. कमरेवर भला मोठा कोहळा घेऊन ती आत आली, कोहळा जमिनीवर ठेवला, आणि दम खात खाटेवर टेकली. रुखमानं तिच्यापुढे चहा ठेवला. तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण ठेवून दिला नाही.

"इतवारीच्या सासूचा निरोप आला," ती म्हणाली. "तशाच वड्या आनखी पायजेत म्हंते. पावसाळाभर राह्यल्या, किडा नाई, आंबटपना नाई. भाजीत अशा फुगल्या का पोराइले वाटलं, रस्सगुल्लाच हाय. आमच्या डब्यातल्या बी तशाच. माझ्या हयातीत अशी वडी झाली नोहोती."

"बरं झालं," सोमारी म्हणाली.

"मंग म्या लय विचार केला." बायनाबाईनं आवाज खाली आणला. "हात तोच. डाळ तेच. कोहळा आमच्याच छपराचा. मंग त्या साली वेगळं का होतं? वेगळं तं एकच होतं." ती पुढे झुकली. "तुझे ते दिवस कवा हायेत ते सांगून ठेव. त्याच दिवशी फेटजो. मी डाळ तवाच भिजू घालतो."

सोमारी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला जे हसू आलं ते तिनं दातांखाली दाबून धरलं. खरं कारण तिला चांगलं ठाऊक होतं. आभाळापायी डाळ जास्त भिजून हलकी झाली होती, आणि भीतीपायी तिनं जन्मात फेटलं नव्हतं इतकं फेटलं होतं. ते सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण समोर बसलेली बायनाबाई इतक्या गंभीरपणे तिच्या तोंडाकडे बघत होती की सोमारीनं ते मिटून घेतलं. इतकी वर्षं हे शास्त्र बायकांना गोठ्याकडेला बसवत आलं होतं; आता तेच शास्त्र दारात येऊन पाटावर बसायचं निमंत्रण देत होतं, तर नाही कशाला म्हणा.

"सांगतो," ती म्हणाली. "पन हात एकटा पुरनार नाई आता, बायनाबाई. आशाबाईले बी बसवा फेटायले. तिचे दिवस आले तं बरंच झालं, वडी आनखी फुगन."

बायनाबाईनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. तिला ते शास्त्राला धरून वाटलं.

त्या माघात बायनाबाईच्या अंगणात गंजापुढे दोन पाट मांडले होते. एकावर आशाबाई बसली आणि दुसऱ्यावर सोमारी, आणि गोठ्याकडचं पोतं कोणीतरी उचलून वड्यांच्या खाटेखाली टेकू म्हणून लावून दिलं.